डेम्लोची सतरा अंकी संख्या

नऊ वेळा एक लिहा आणि त्या संख्येचा वर्ग करा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक. डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखेच. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या शाळेत गणित शिकवताना हा गुणाकार मी मुलांकडून फळ्यावरच करून घेत असे. साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर सतरा अंक मावतच नाहीत! एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. बेरीज एक, दोन करत नऊपर्यंत चढते आणि पुन्हा उतरते. हातचा कुठेच येत नाही, सगळी गंमत तिथे आहे. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि ही चढउतार मोडते.

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. डेम्लो म्हणजे जी.आय.पी. रेल्वेवरचं, मुंबईपासून तीसेक मैलांवरचं स्थानक, आजची डोंबिवली. १९२३ साली त्यांना ही कल्पना तिथे सुचली. गाडीची वाट पाहण्याचा इतका चांगला उपयोग आमच्या गोंदिया जंक्शनवर कुणी केल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही.

१९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नव्हती. पुस्तिका स्वतःच छापायच्या. हे काय गणित, हा तर पोरखेळ, असं म्हणून अनेक विद्वान हसले. माझ्या मते त्यांनी ही सतरा अंकी संख्या नीट पाहायला हवी होती. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९ या संख्येचा वर्ग. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनीच 'हर्षद' म्हटलं, हर्ष देणारी. सगळ्याच डेम्लो संख्या मात्र हर्षद नसतात. १२१ घ्या: बेरीज ४, भाग जात नाही. असं का, हा प्रश्न पोरखेळाचा नाही.

१९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांवर लिहिलं आणि नाव जगभर झालं. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. पेन्शन पुरत नसल्याने ते शिकवण्या करत होते. १९८६ साली ते गेले.

त्यांचा ६१७४ आता बराच प्रसिद्ध आहे. चार अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा, पुन्हा तेच करा. चारही अंक सारखे नसले, तर फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतो. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला ते साल १९९९. घेऊन पाहा: ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. सहा पायऱ्या.