थर्मामीटर झटकण्याची गोष्ट

अंग तापलं की आई कपाटातून प्लास्टिकची नळी काढायची. तिच्या तळाशी कापसाचा बोळा, त्यावर थर्मामीटर. काखेत देण्याआधी मनगटाने दोन-तीन सणसणीत झटके. आम्हाला तो उपचाराचाच भाग वाटायचा. त्या झटक्याला मोठा इतिहास आहे, हे फार उशिरा कळलं.

सुरुवात पाऱ्यापासून करायला हवी. डान्झिगमध्ये जन्मलेला आणि हॉलंडमध्ये उपकरणं बनवणारा डॅनियल फॅरनहाइट याने १७१४ च्या सुमारास थर्मामीटरमध्ये अल्कोहोलऐवजी पारा भरला. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं. पारा उणे ३९ च्या आसपास गोठतो आणि ३५७ च्या आसपास उकळतो. मधल्या सगळ्या पट्ट्यात तो जवळजवळ एकसारखा फुगतो. शिवाय काचेला चिकटत नाही, त्यामुळे उतरताना मागे काही राहत नाही. मात्र तो फुगतो अगदीच थोडा: दर अंशाला आपल्या आकारमानाच्या साडेपाच हजाराव्या भागाएवढा. एवढीशी वाढ डोळ्यांना दिसावी म्हणून नळीचं छिद्र केसासारखं बारीक ठेवावं लागतं, आणि मग ती रेघच दिसेनाशी होते. तापाच्या थर्मामीटरची काच तिकोनी असते ती त्यासाठी. तिची एक कड भिंगाचं काम करते. खिडकीशी उभं राहून काच बोटांत जराशी फिरवली की एका क्षणी चंदेरी पट्टी एकदम रुंद होऊन समोर येते. तो क्षण मला अजून आवडतो.

पण आजाऱ्यापर्यंत पोचायला या उपकरणाला दीड शतक लागलं. लायपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांचे ताप नोंदवून १८६८ मध्ये ग्रंथ लिहिला. निरोगी माणसाचे ३७ अंश, म्हणजे आपले ९८.६, हा आकडा त्यांच्याकडूनच रूढ झाला. त्यांचा थर्मामीटर फूटभर लांब होता आणि काखेत वीस मिनिटं धरावा लागे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबट यांनी तो सहा इंचांवर आणला. पाच मिनिटांत काम होऊ लागलं आणि तो डॉक्टरांच्या खिशात मावू लागला.

एक अडचण मात्र होती. साधा थर्मामीटर काखेतून काढला की पारा लगेच उतरू लागतो. वाचायचा तर अंगाला लावलेला असतानाच. यावर निघालेला तोडगा मला पाऱ्याच्या सगळ्या कथेत सर्वांत सुंदर वाटतो. पाऱ्याच्या फुग्याच्या जरा वर नळीचा गळा आवळायचा. तापलेला पारा फुगून जोराने त्या अरुंद वाटेतून वर जातो. थंड झाल्यावर फुग्यातला पारा आकसतो, पण वरच्या पाऱ्याला ओढून खाली आणण्याइतकं बळ त्याच्यात नसतं. आवळलेल्या जागी धार तुटते. वरचा पारा होता तिथेच थांबतो, डॉक्टर येईपर्यंत. त्याला परत खाली घालवायचं, तर हाताचा झटकाच हवा.

आमचा थर्मामीटर फुटला तो मात्र झटक्याने नाही. कुणीतरी तो उकळत्या पाण्याने धुतला. पट्टी १०८ फॅरनहाइटपर्यंतची. पाऱ्याला फुगायला जागाच उरली नाही. शहाबादी फरशीवर गोळ्या पळाल्या. बोटाने दाबली की एकीच्या चार व्हायच्या, जवळ आणल्या की पुन्हा एक. आम्ही त्या काडेपेटीत भरल्या आणि कित्येक दिवस खेळलो. आज ते आठवलं की पोटात गोळा येतो.

कारण धोका आमच्या समजाच्या उलट होता. घरात भीती होती ती पारा पोटात जाण्याची. पण शुद्ध पारा गिळला तर आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही. त्याची वाफ मात्र दिसत नाही, तिला वास नाही, आणि श्वासातून गेलेल्या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग शरीरात राहतो, मेंदूपर्यंत पोचतो. फरशीच्या सांध्यात अडकलेला थेंब दिवसेंदिवस वाफ सोडत राहतो. म्हणून पारा सांडला तर केरसुणी फिरवू नये, व्हॅक्यूम क्लीनर तर नाहीच. दोन्हींनी गोळ्यांचा चुरा होऊन पसरतो. मुलांना बाहेर काढावं, खिडक्या उघडाव्यात, हातातली सोन्याची अंगठी काढून ठेवावी (सोन्याला पारा लागताच ते पांढरं पडतं), जाड कागदाने गोळ्या एकत्र करून ड्रॉपरने उचलाव्यात, बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत आणि सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत बंद करावं. बरणी कचऱ्यात किंवा मोरीत जाऊ नये. घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

जपानमधल्या मिनामाता गावात १९५६ मध्ये उघड झालेल्या आजाराचं कारण पाऱ्याचं वेगळं, सेंद्रिय रूप होतं. ते माशांतून माणसांत गेलं. त्या गावाच्या नावाने २०१३ मध्ये जागतिक करार झाला, आणि त्यात पाऱ्याचे थर्मामीटर बनवणं थांबवण्यासाठी २०२० ची मुदत घातली गेली. काही देशांना सवलत मिळाली.

आमच्याकडे आता बॅटरीवरचा थर्मामीटर आहे. त्यात पारा नाही, आवळलेला गळा नाही. आई तो हातात घेते आणि काखेत देण्याआधी दोनदा झटकते.