सुप्याची जपानी, विनोबांची एस्पेरांतो

पुणे-नगर रस्त्यावर, पारनेर तालुक्यातल्या सुप्याच्या एमआयडीसीत जपानी उद्योगांसाठी वेगळा विभाग राखलेला आहे. अशा ठिकाणी साहेब आणि ऑपरेटर यांच्यात कामापुरती इंग्रजी चालते, नाहीतर दुभाषा. वर ‘काइझेन’ आणि ‘फाइव्ह एस’ हे जपानी कार्यपद्धतीचे शब्द. मालकाची भाषा नोकराने शिकायची, हा रिवाज जुनाच. तो मोडू पाहणाऱ्यांत एक जपानी माणूसही होता.

इनाझो नितोबे हे राष्ट्रसंघाचे उपमहासचिव. १९२१ साली ते एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेच्या प्रागमधल्या संमेलनाला गेले आणि तिच्याबद्दल चांगले मत घेऊन परतले. ती शाळांत शिकवावी म्हणणाऱ्यांत राष्ट्रसंघातले भारताचे प्रतिनिधीही होते. आडवा आला फ्रान्स. मुत्सद्द्यांची भाषा तेव्हा फ्रेंच होती. ते आसन कोण सोडील? १९२२ मध्ये फ्रेंच शिक्षणमंत्र्यांनी सरकारी शाळांत एस्पेरांतोला बंदीच घातली.

ही भाषा १८८७ साली वॉर्सात छापून बाहेर आली. कर्ता लुडविक झामेनहोफ, पेशाने डोळ्यांचा डॉक्टर. त्याचे बालपण बियालिस्टोकमध्ये गेले. तिथे रशियन, पोलिश, जर्मन आणि यिडिश बोलणारे शेजारी एकमेकांकडे संशयाने बघत. त्याने व्याकरण सोळा नियमांत बसवले: नामाच्या शेवटी ‘ओ’, विशेषणाच्या शेवटी ‘आ’, क्रियापदांना अपवाद नाही. मात्र बाप ‘पात्रो’ आणि आई ‘पात्रीनो’, म्हणजे बापाला शेपूट जोडून आई! समतेसाठी घडवलेल्या भाषेत ही खोट राहिलीच. शिवाय शब्द बहुतेक युरोपातले. मराठी कानाला या भाषेचा तटस्थपणा युरोपापुरताच वाटतो.

महाराष्ट्रात या भाषेचा सर्वांत नामांकित विद्यार्थी म्हणजे विनोबा. युगोस्लाव प्रवासी-लेखक तिबोर सेकेल भूदान पदयात्रेत त्यांच्याबरोबर चालला आणि त्याने त्यांना एस्पेरांतो शिकवली. अनेक भाषा आधीच पचवलेल्या माणसाला सोळा नियमांचे काय ओझे? पण देशासाठी त्यांनी नवी भाषा मागितली नाही, लिपी मागितली: प्रत्येक भाषेने आपली लिपी ठेवावी आणि जोडीला नागरीही वापरावी. झामेनहोफलाही कुणाची मातृभाषा हटवायची नव्हती, जोडीला एक भाषा द्यायची होती. विनोबांच्या प्रेरणेने १९७५ मध्ये नागरी लिपी परिषद उभी राहिली. आपल्याला नागरी घरची, म्हणून सोपी वाटते. तमिळ वाचकाला मात्र तीही मुळाक्षरांपासूनच गिरवावी लागते.