कम्प्लीट

कम्प्लीट : एक इंग्रजी विशेषण. ‘सर्व भागांसह असलेले’, ‘पुरे झालेले’ आणि ‘निव्वळ’ हे त्याचे तीन मुख्य अर्थ. भरून काढणे या अर्थाच्या लॅटिन ‘कोम्प्लेरे’ या क्रियापदापासून बनलेला हा शब्द जुन्या फ्रेंचमार्फत चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आला. ‘आपल्या कलेत पारंगत’ हा त्याचा एक जुना अर्थ. आयझॅक वॉल्टन यांच्या गळाने मासे धरण्यावरील ‘द कम्प्लीट अँगलर’ (१६५३) या ग्रंथाच्या नावात तो दिसतो.

वाक्यातील स्थानावरून अर्थ बदलतो. ‘कम्प्लीट सेट’ म्हणजे एकही नग कमी नसलेला संच. ‘द वर्क इज कम्प्लीट’ म्हणजे काम संपले. ‘कम्प्लीट फूल’ म्हणजे शुद्ध मूर्ख. हा तिसरा अर्थ विशेषण नामाआधी असतानाच लागतो. ‘कम्प्लीट विथ’ म्हणजे ‘अमुक वस्तूसकट’. पूर्णाला तरतमभाव कसला, असे म्हणून काही व्याकरणकार ‘मोअर कम्प्लीट’ला हरकत घेतात, तरी ‘अधिक सविस्तर’ या अर्थाने तो प्रयोग रूढ आहे.

शास्त्रांत या शब्दाला काटेकोर व्याख्या आहेत. निदलपुंज, दलपुंज, पुमंग व जायांग ही चारही मंडले असलेले फूल पूर्ण मानतात. जास्वंद पूर्ण, भोपळ्याची नर व मादी फुले वेगवेगळी असल्याने ती अपूर्ण. फुलपाखराचे रूपांतरण पूर्ण असते. नाकतोड्याला कोशावस्था नसल्याने त्याचे अपूर्ण. आलेख सिद्धांतात प्रत्येक बिंदू इतर सर्व बिंदूंशी जोडलेला असेल तर आलेख पूर्ण होतो. पाच बिंदूंना त्यासाठी १० रेषा लागतात. तर्कशास्त्रात कुर्ट गोडेल यांनी १९२९ मध्ये प्रथमक्रम तर्कशास्त्राची पूर्णता सिद्ध केली आणि १९३१ मध्ये अंकगणिताच्या सुसंगत औपचारिक पद्धती अपूर्ण राहतात हे दाखवले.

मराठी बोलण्यात ‘कम्प्लीट’ प्रामुख्याने ‘करणे’, ‘होणे’ या क्रियापदांबरोबर येतो : विद्यार्थी ‘जर्नल कम्प्लीट’ करून सही घेतात. ‘निव्वळ’ हा अर्थ मराठीत क्रियाविशेषण झाला आहे : ‘मी कम्प्लीट विसरलो.’ ‘सर्व भागांसह’ या अर्थासाठी मात्र अख्खा, सगळा, समग्र हे शब्द टिकून आहेत. लेखकाचे एकत्रित लेखन बहुधा ‘समग्र वाङ्मय’ म्हणून छापले जाते.