पायरी, मजल आणि इयत्ता



पायरी, पदवी, दर्जा, टप्पा, अवस्था, इयत्ता हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. पण त्यांची कुळे वेगळी आहेत, आणि कुळाचा संस्कार अर्थात अजून टिकून आहे.

पहिले कूळ पावलाचे. ‘पायरी’त पाय उघडच दिसतो. ‘पदवी’त पद आहे, संस्कृतात पदवी म्हणजे मूळची वाट. पुढे ती मानाची जागा झाली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८६२ मध्ये रानडे, भांडारकर यांची पहिली तुकडी बी. ए. झाली, आणि पदवीला परीक्षेचा अर्थ जडला. फारसीमार्गे आलेला अरबी ‘दर्जा’ म्हणजेही जिन्याची पायरीच. इंग्रजी ‘डिग्री’च्या मुळाशीही लॅटिनमधले पाऊल आहे. या कुळातल्या शब्दांना चढण ठाऊक. वरचा श्रेष्ठ, खालचा कनिष्ठ.

दुसरे कूळ मुक्कामाचे. अरबी ‘मंजिल’ म्हणजे प्रवासात उतरण्याची जागा. तिच्यातूनच आपली ‘मजल’ आणि घराचा ‘मजला’ आला. आपले पूर्वज मजल दरमजल करीत माळव्यात आले. मराठी मजल म्हणजे एका दमात चाललेले अंतर. हिंदी गाण्यातली मंजिल म्हणजे शेवटचे ठिकाण. शब्द एकच, पण एकाने चाल लक्षात ठेवली, दुसऱ्याने पोचणे.

तिसरे कूळ उभे राहण्याचे. ‘अवस्थे’त स्था धातू आहे, इंग्रजी ‘स्टेज’ही त्याच प्राचीन मुळाच्या लॅटिन शाखेतला. “डॉक्टर, आजार कितव्या स्टेजला?” हा प्रश्न दवाखान्यात नेहमीचा. विचारणाऱ्याच्या मनात मात्र पायरी असते: दुसरीनंतर तिसरी येणारच! अवस्था म्हणजे रोगी आज जिथे उभा आहे ती जागा. अनेक आजारांत तिथून माघारी येता येते. जैन शास्त्रात आत्म्याची चौदा गुणस्थाने सांगितली आहेत. मोह नुसता दाबून अकराव्यावर पोचलेला जीव खाली येतोच. मोहाचा क्षय करीत जाणारा दहाव्यावरून थेट बाराव्यावर जातो. जिन्यावर असे घडत नाही. म्हणून ‘स्थान’ हाच शब्द तिथे नेमका बसतो.

उरली ‘इयत्ता’. इयत् म्हणजे इतके, इयत्ता म्हणजे इतकेपणा. हा शब्द चढत नाही, थांबत नाही, तो मोजतो. मूल किती वर गेले यापेक्षा किती शिकले, हे तो विचारतो.

इंदूरच्या शाळांत आज ‘कक्षा’ चालते, आणि आपली नातवंडे “मी चौथी कक्षेत आहे” असे मराठीत सांगतात. मराठीत कक्षा ग्रहांना असते. शाळेची भाषा बदलणे आपल्या हाती नाही. पण छत्रीबागेतल्या घरांत तरी आजीआजोबांनी “कितवी इयत्ता रे?” असेच विचारावे, आणि पुढे “काय काय शिकलास?” हेही विचारावे. त्या शब्दाचा अर्थ तोच आहे.