वाघोबाची शीव

तलाठ्याच्या दप्तराला देवाचं वावडं नसतं. मारुतीला इनाम जमीन असते, भैरोबाला असते, पिराला असते. देवस्थान इनाम वर्ग ३ म्हणून त्यांचे सातबारे निघतात, पुजाऱ्यांची भांडणं प्रांताकडे जातात. माझी सगळी नोकरी अकोले तालुक्यात गेली आणि वाघोबाच्या नावचा सातबारा काही माझ्या हाताखालून गेला नाही. त्याचं ठाणं कुणाच्या तरी बांधावर असतं, नाहीतर पोटखराब्यात, नाहीतर वनखात्याच्या हद्दीत. पण डोंगराकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, बाबा, तुमच्या गावाची शीव कुठं? तो हात करून आधी वाघोबा दाखवतो आणि मग ओढा.

मी महादेव कोळी. आमचं गाव भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला. आमचा वाघोबा खिंडीत बसलेला आहे, गुरं ज्या वाटेनं रानात जातात त्या वाटेला. गुडघाभर उंचीची शिळा. वर एका बाजूला चंद्र, दुसऱ्या बाजूला सूर्य आणि खाली वाघ. कोरणाऱ्यानं शेपूट पाठीवरून वळवून थेट मानेपर्यंत आणली आहे, आणि एक पाय बहुधा जागा संपली म्हणून आखूड काढला आहे. तोंड मात्र गावाकडे नाही, रानाकडे आहे. शेंदराची पुटं इतकी चढली आहेत की पट्टे होते की ठिपके, ते आता कुणाला सांगता यायचं नाही.

त्या चंद्रसूर्यापाशी माझ्यासारखा माणूस अडखळतो. आपल्याकडे जुन्या दानशिलांवर, गद्धेगाळांवर, वीरगळांवर हेच दोघे असतात. राजानं जमीन दिली तर ती चंद्रसूर्य असेतोवर दिली, मोडेल त्याला शिव्या. म्हणजे ते साक्षीदार. वाघोबाच्या शिळेवरही ते साक्षीलाच बसले असावेत असं मला वाटतं. हा माझा तर्क, पुरातत्त्ववाल्यांनी त्यात दुरुस्ती करावी. कारण वाघोबाबद्दल जे जे मी ऐकलं, त्यात भक्तीपेक्षा व्यवहार जास्त आहे. कुणी त्याची आरती करत नाही, नवसाला पावतो म्हणून लांबून कुणी येत नाही. वर्षातून एकदा त्याचं देणं द्यायचं, आणि त्यानं गुरावासरांना, माणसांना हात लावायचा नाही. संपलं.

देणं द्यायचा दिवस वाघबारस. अश्विन वद्य द्वादशी. शहरात त्याच तिथीला वसुबारस असते, गाय-वासराला ओवाळतात, दिवाळी सुरू होते. डोंगरात त्याच दिवशी गाय खाणाऱ्याला जेवू घालतात. दोन्हींत विसंगती काही नाही, उलट एकाच हिशेबाच्या या दोन बाजू आहेत.

त्या दिवशी गावातलं दूध विकायचं नाही. गुराखी पोरं घरोघर फिरून दूध, तांदूळ, गूळ गोळा करतात आणि रानातच, वाघोबापुढे तीन दगडांची चूल मांडून खीर शिजवतात. कुणी कोंबडं कापतं, कुणी नुसता नारळ फोडतं. शेंदूर लावतात. मग खेळ. एका पोराच्या अंगावर राखेचे नि चुन्याचे पट्टे ओढून त्याला वाघ करायचं. दुसऱ्याला काळं घोंगडं पांघरून अस्वल, तिसऱ्याला कोल्हा. खीर खाऊन झाली की बाकीची पोरं काठ्या घेऊन त्यांच्या मागे लागतात आणि ओरडून विचारतात, आमच्या शिवंला येशील का? वाघ पळत पळत सांगतो, न्हाई येत, न्हाई येत. शिवेच्या पार गेल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. मी वाघ झालो होतो. काठ्या खोट्या असतात हे आधी सांगितलेलं असतं, पण पाठीवर बसतात त्या खऱ्या. आमचे आजोबा या पोराच्या तोंडून निघालेला शब्द फार मानायचे. ‘न्हाई येत’ म्हणताना पोरगं हसलं तर ते अस्वस्थ व्हायचे, पुन्हा म्हणायला लावायचे. जबाब नीट झाला पाहिजे, असं काहीसं ते असावं.

पोरगं त्या घटकेला वाघच असतं का? आजोबांना हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं असतं. एरवी रानात वाघाचं नाव घ्यायचं नाही, ‘जनावर’ म्हणायचं. बिबट्याला ‘वाघरू’. नाव घेतलं की त्याला ऐकू जातं. त्या एका दिवशी मात्र नाव घेऊन, तोंडावर, सगळ्यांसमोर बोलायची मुभा होती.

पुस्तकांत याला कुलचिन्हाच्या खात्यात टाकलेलं दिसतं. मला ते पटत नाही. आपल्याकडे कुलचिन्ह म्हणावं असं आहे ते देवक. मराठा-कुणब्यांच्या लग्नात देवक बसवतात. कुणाचं कळंब, कुणाचं मोराचं पीस, कुणाचा शंख, कुणाची पंचपालवी. एन्थोवेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९२० ते १९२२ मध्ये मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवर तीन खंड काढले, त्यात या देवकांच्या याद्याच आहेत. एका देवकात सोयरीक होत नाही, देवकाचं झाड तोडायचं नाही, प्राणी मारायचा नाही. देवक म्हणजे आपण कोण, याची नोंद. वाघोबा त्यातला नाही. त्याच्यावरून कुणाचं लग्न अडत नाही. तो शेजारी आहे, आणि शेजाऱ्याशी जसं बांधावरून ठरवून घ्यावं लागतं तसं त्याच्याशी ठरवलेलं आहे.

खाली पालघरकडे वारल्यांत तर हे ठरवणं कसं झालं याची कथाच सांगतात. तपशील पाड्यापाड्याला बदलतो, सार एवढंच: लग्नाआधी एका मुलीला मूल झालं. मुलगा मोठा झाला तसा तो वाघाचं रूप घेऊन गुरं मारायला लागला. लोक तक्रार घेऊन आले. आईनं त्याला सांगितलं, तू आता रानात राहा, गाव तुला जागा देईल, वर्षाचं जेवण देईल. म्हणजे वाघोबा हा गावचाच पोर, घराबाहेर काढलेला, पण वाटणी देऊन. मुंबई-ठाणे-पालघर भागातल्या वारल्यांच्या वाघोबावर २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दीडशेहून जास्त ठाणी नोंदवली आहेत, अगदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या अंगाला असलेल्या पाड्यांपर्यंत. बोरिवलीच्या गगनचुंबी इमारतींतल्या लोकांना बिबट्या दिसला की ते फोन लावतात. शेजारच्या पाड्यावर शेंदूर लागतो.

नातं प्रत्येकानं आपापल्या परीनं जोडलं आहे. मेळघाटातले कोरकू त्याला मामा म्हणतात, कुला मामा. कुला म्हणजे वाघ. मामा म्हणजे भाच्याला खाणार नाही अशी नात्यातली हमी. गोव्यात, सत्तरी-सांगे भागात तो वाघ्रो, दगडात कोरलेला, वेळीप लोकांच्या पूजेतला. त्याच सत्तरीत, म्हादई अभयारण्यात, जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घातल्यामुळे मेले. आदिवासी वाघाला देव मानतात म्हणून वाघ सुखरूप आहे, असं जे लिहितात त्यांनी हे समोर ठेवूनच लिहावं. गाय मेली, भरपाई वेळेवर आली नाही, देणं दिलं तरी त्यानं शब्द मोडला, की माणूसही शब्द मोडतो. आमच्याही भागात मेलेल्या जनावरात विष घातल्याच्या गोष्टी म्हातारे खाली मान घालून सांगत.

मध्य भारतातल्या जंगलांत इंग्रज शिकाऱ्यांनी आणखी एक समजूत टिपून ठेवली आहे. वाघानं मारलेल्या माणसाचा जीव त्याच वाघाच्या डोक्यावर बसतो, त्याला वाट दाखवतो, धोक्याची खबर देतो. म्हणून नरभक्षक हाती लागत नाही. त्या माणसाचा जीव आधी शांत करायचा, मग वाघाच्या मागे जायचं. गोंड-बैगांचा पुजारी त्यासाठी मारल्या जागेवर विधी करायचा. साहेबांना ही भोळसट कल्पना वाटली. मला तिच्यात एक भयंकर गोष्ट दिसते: मेलेला आपलाच माणूस आता पलीकडच्या बाजूला गेला आहे, आणि त्याला परत बोलवायचं आहे.

साहेबांची स्वतःची रीत वेगळी होती. सरकार वाघ मारायला बक्षीस द्यायचं, कातडं आणा नि पैसे घेऊन जा. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,०००हून जास्त वाघ आणि दीड लाखांहून जास्त बिबटे मारले गेले. १८७८च्या वनकायद्यानं राने राखीव झाली आणि कितीतरी वाघोबा एका रात्रीत सरकारच्या हद्दीत गेले. पूजेला जायचं तर परक्याच्या जमिनीवर पाय ठेवावा लागतो अशी गत झाली. आमच्याकडचा ढाण्या वाघ आजोबांच्या पिढीनंतर गोष्टींपुरताच उरला. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं तेव्हा पट्टेरी वाघाचा विषयच नव्हता.

तरी वाघबारस थांबली नाही. ढाण्याची गादी बिबट्यानं चालवली. शिळेवरचे पट्टे शेंदरानं बुजले ते या दृष्टीनं बरंच झालं म्हणायचं. कुळ गेलं तरी कुळाच्या वारसाकडून वसुली चालू राहते, तसंच हे, फक्त इथे वसूल करणारा दुसरा आणि भरणारे आम्ही.

आता पाण्याची गोष्ट, कारण बिबट्या डोंगरातून खाली कसा गेला ते त्याशिवाय कळत नाही. आमच्याच दऱ्यांतलं पाणी अडवून भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. प्रवरेचे कालवे निघाले. खालच्या अंगाला ऊस आला, १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनं प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे अकोल्यातही ऊस भरला. ऊस म्हणजे वर्षभर पुरुषभर उंचीचं गच्च रान, आत पाणी, भोवती कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवं? माद्या उसातच वितात. अकोल्याच्या या खोऱ्यात विद्या अत्रेय यांनी सहकाऱ्यांबरोबर कॅमेरे लावून मोजणी केली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले: १०० चौरस किलोमीटरमागे साधारण पाच बिबटे, आणि तेवढेच तरस. या पट्ट्यात जंगल नाही, चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहतात.

शेजारच्या जुन्नरात काय झालं तेही सर्वांसमोर आहे. २००१च्या सुमारास तिथले बिबटे पिंजऱ्यात धरून लांबच्या जंगलांत सोडायची मोहीम निघाली. त्याआधीच्या वर्षांत माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, मोहिमेच्या काळात ते सतरावर गेले. धरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं की तेही बिथरतं, आणि त्याच्या मोकळ्या जागेवर दुसरं येतं. आमच्या म्हाताऱ्यांच्या भाषेत, ज्याच्याशी बोलणं झालं होतं त्याला हाकलून दिलं आणि ज्याच्याशी झालं नाही त्याला बोलावून घेतलं. शास्त्र वेगळ्या शब्दांत जवळपास हेच सांगतं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

नोकरीची शेवटची वर्षं माझा सजा खाली ऊसपट्ट्यात होता. बागायतदार मंडळी, वाघोबा त्यांच्या देवांत कधी नव्हता. एका वर्षी ओळीनं शेळ्या गेल्या, एका वस्तीवरचं पोर थोडक्यात वाचलं, पंचनामे झाले. मग चावडीत विषय निघाला की वाघोबा बसवावा का. मी कोळी म्हणून मला विचारलं, कसा बसवतात? मी म्हटलं, दगड बसवणं सोपं आहे, पण दर साली देणं कोण देणार ते आधी लिहून काढा.

तिथून भांडण सुरू झालं. निम्मी जमीन खंडानं दिलेली. मालक पुण्यात. खंडकरी म्हणाला, जमीन त्याची, देव त्याचा. मालक फोनवर म्हणाला, ऊस तुझा, बिबट्या तुझा. एकानं सुचवलं की ऊसतोडीच्या टोळ्यांकडून वर्गणी घ्यावी, कोप्यांत उघड्यावर झोपतात तेच, पोरं त्यांची. दुसरा म्हणाला, अरे त्या टोळ्या बीडाकडनं दिवाळी करून येतात, वाघबारस दिवाळीच्या आधी. त्या दिवशी रानात कुणी नसतंच.

मुकादम आला तेव्हा त्याच्या कानावर हे घातलं. तो म्हणाला, “साहेब, आमची लेकरं घरी आज्जीपाशी राहिली असती तर आम्ही कशाला आणली असती? वर्गणी सांगा किती ते, उचलीतून वळती करा.” ते कुणाला पटलं नाही. शेवटी ज्याच्या शेळ्या गेल्या होत्या त्यानंच ओढ्याकाठचा एक दगड आणून बांधावर उभा केला आणि शेंदूर फासला. वाघ कोरायला कारागीर मिळाला नाही. कुठल्या गटात बसवला म्हणाल, तर तो माझ्या माहितीप्रमाणे दोन गटांच्या मधोमध आहे, आणि मोजणीवाले आले की दोन्ही मालक तो दगड हद्दीची खूण म्हणून दाखवतात, प्रत्येक जण आपापल्या सोयीनं.