चाळीस दिवसांच्या उपासाची कुळकथा

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. मागोमाग कारखाने येत गेले आणि कामासाठी केरळ, गोवा, मंगळुरू, नगर इथली ख्रिस्ती कुटुंबेही आली. ईस्टरपूर्वीचा उपास ज्याने त्याने आपापल्या रीतीने आणला. कॅथलिक घरांत राखेच्या बुधवारी कपाळाला भस्म लागले की उपासकाळ सुरू होतो. मधले सहा रविवार वगळून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस भरतात. मलयाळी सुरियानी घरांत त्याच आठवड्याच्या सोमवारी पन्नास दिवसांचा ‘नोंबू’ लागतो. मांस, मासे, अंडी, दूध सारे बंद. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘उपास-प्रार्थना’ जोडीनेच चालते.

या रीतींचे मूळ फार मागे जाते. पहिल्या शतकाच्या सुमाराच्या ‘डिडाखे’ या ग्रंथात उपासाचे वार बुधवार आणि शुक्रवार सांगितले आहेत. ईस्टरआधी किती उपास धरावा, यावर मात्र एकमत नव्हते. कोणी एक दिवस धरतात, कोणी दोन, कोणी चाळीस तास, असे संत इरेनियसने दुसऱ्या शतकाच्या अखेरीस नोंदवले आहे. चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख ३२५ सालच्या निकिया परिषदेच्या नियमांत येतो. येशूने रानात चाळीस दिवस उपास केला, त्यावरून हा आकडा आला.

या साऱ्या मोजदादीहून मोलाचा दंडक रोममध्ये दुसऱ्या शतकात लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात आहे. उपासाच्या दिवशी भाकरी-पाण्यावर राहावे, वाचलेल्या जेवणाची किंमत काढावी आणि तेवढे एखाद्या विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावे.

पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली कॅथलिकांचे नियम सैल केले. आता राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच उपास सक्तीचे आहेत, तेही वयाच्या १८ ते ५९ वर्षांपर्यंत. त्या दिवशी मांस वर्ज्य, एकदाच पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडेसे खाणे. चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्यालाही हे झेपते. हर्मासचा दंडक मात्र सैल झालेला नाही. १९६२ मध्ये सुरू झालेली कारितास इंडिया ही संस्था ईस्टरपूर्वीच्या याच उपासकाळात भूक आणि रोगाविरुद्धच्या मोहिमेसाठी चर्चमधून देणग्या गोळा करते. ताटातून वगळलेले दुसऱ्याच्या ताटात पडले, तरच तो उपास पुरा झाला.