महाद्वारातील किरण आणि जबड्यातील आटे

जानेवारीच्या अखेरीस आणि पुन्हा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरून पहिल्या दिवशी कोल्हापूरच्या अंबाबाईच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेवर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोचावेत, अशी तजवीज ज्या स्थपतींनी केली त्यांना प्रकाशाच्या मापाची चांगलीच जाण असली पाहिजे. आणि वाटेत एखादी नवी इमारत आडवी आली किंवा क्षितिजावर धूळ दाटली, की किरणोत्सव अर्धाच राहतो, हे करवीरकराने डोळ्यांनी पाहिलेले आहे. लेसरच्या प्रकाशाने दंतरोपणाची जखम लवकर भरते की नाही, या अलीकडच्या वादाचे मूळही मापातच आहे.

त्या वादाकडे वळण्याआधी इथल्या दातांची जुनी कथा पाहू. संस्थानी अमलात मेजर मँटच्या आराखड्याचे आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय, म्हणजे आजचे सीपीआर, उभे राहिले. पण सामान्य रयतेच्या दाताची कैफियत बहुधा लवंगेच्या तेलापासून सुरू होऊन चिमट्यापाशी निकालात निघे, आणि त्यापुढे कोणाची ऐपत असलीच तर कवळी. मुंबईत नायर दंत महाविद्यालय 1933 साली निघाले, दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा 1948 साली झाला, आणि पुढच्याच वर्षी 1 मार्चला करवीर संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले. आज न्यू पारगावला दंत महाविद्यालय आहे, आणि दातांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘इम्प्लांट’ हा शब्द ठळक अक्षरांत झळकतो.

या इम्प्लांटचा जन्म मोठा गमतीदार आहे. स्वीडनमधील ब्रॉनेमार्क या संशोधकाने 1952 च्या सुमारास, सशाच्या हाडातील रक्ताभिसरण जिवंतपणी सूक्ष्मदर्शकातून पाहता यावे म्हणून टायटॅनियमची एक लहानशी कुपी त्या हाडात बसविली. काम आटोपल्यावर ती काढू गेला, तो हाडाने तिला असे कवटाळले होते की ती सुटेना. प्रकाश आत सोडण्यासाठी बसविलेल्या त्या कुपीतूनच कृत्रिम मुळाची कल्पना निघाली, आणि 1965 साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात ते मूळ बसले. वस्तू म्हणाल तर आटे पाडलेला एक बारीक स्क्रू. उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवाल्याने तळहातावर घेऊन आधी त्याचे आटेच न्याहाळले असते.

लेसरची गोष्टही अशीच चुकीतून पिकलेली. मायमनने 1960 साली माणकाचा लेसर सिद्ध केल्यावर, बुडापेस्टच्या एन्ड्रे मेस्टरने उंदरांच्या अंगावरील गाठी त्याने जाळून पाहण्याचे ठरविले. त्याचे यंत्र दुबळे निघाले आणि गाठी जशाच्या तशा राहिल्या. मात्र भादरलेल्या त्वचेवर केस लवकर उगवले आणि जखमाही भरू लागल्या. साल 1967. हत्यार कमजोर पडले म्हणून औषध सापडल्याची अशी उदाहरणे वैद्यकाच्या दप्तरात फार नसावीत.

रोपणानंतर आट्यांची पहिली पकड दोन ते चार आठवड्यांत थोडी ढिली होते, कारण जुने हाड झिजत असते आणि नवे पुरते धरलेले नसते. या नाजूक पंधरवड्यात तांबडा किंवा त्याच्या पलीकडचा अदृश्य प्रकाश हिरडीवरून दिला, तर पेशीतील ऊर्जा निर्माण करणारी यंत्रणा तो शोषून घेते आणि हाड घडविणाऱ्या पेशींना चालना मिळते, असा सिद्धांत आहे. रुग्ण डोळ्यांवर चष्मा लावून बसतो. चटका नाही, आवाज नाही, आणि मिनिटाभरात प्रकाशाची नळी बाजूला होते. काही परीक्षणांत पहिल्या आठवड्यांत रोपण किंचित अधिक घट्ट आढळले, काहींत काडीचाही फरक दिसला नाही. कारण कोणी कमी मात्रा दिली, कोणी अधिक, आणि अधिक झाली की हाच प्रकाश पेशींना मंदावतो. माझे मत विचाराल, तर या उपचाराला अजून सनद मिळालेली नाही. उमेदवारी मात्र प्रामाणिक आहे.

तेव्हा वाचकहो, दवाखान्यात या प्रकाशाचे वेगळे पैसे मागितले, तर तरंगलांबी किती, दर चौरस सेंटिमीटरला ज्यूल किती आणि किती दिवस, एवढे विचारून घ्या. आणि मिश्री लावण्याची किंवा विडी ओढण्याची सवय असेल, तर डॉक्टरांनी न विचारताही ती आधी सांगा.